चाकावरची काळी धूळ

आठ-पंधरा दिवस न धुतलेली एखादी मोटारगाडी तुमच्या घराजवळ उभी असेल, तर तिच्या चाकांकडे जरा निरखून पाहा. टायरकडे नव्हे, टायरच्या आत असलेल्या धातूच्या रिमकडे. हल्ली पुष्कळ गाड्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चकचकीत रिम असतात. बाजारात त्यांना 'अ‍ॅलॉय व्हील' म्हणतात. या चंदेरी रिमवर एक करडा-काळा थर बसलेला दिसेल. तुम्ही म्हणाल, त्यात नवल ते काय? रस्त्यावरची धूळ आहे ती! पण मग गाडीच्या दारांवर बसलेली धूळ मातकट आणि चाकांवरची मात्र काळी, असे का? आणखी एक गंमत पाहा. पुढची दोन चाके आणि मागची दोन चाके यांची तुलना करा. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची चाके मागच्यांपेक्षा कितीतरी अधिक काळी झालेली आढळतील. रस्ता तर चारही चाकांना एकच. मग हा पक्षपात कशासाठी?

या साध्या प्रश्नाचा माग काढत गेलो, तर गतिज ऊर्जा, घर्षण, जडत्व, आम्ल आणि आम्लारी, लोखंडाचे गंजणे हे तुमच्या पुस्तकातील सगळे धडे त्या एका चाकावर आपल्याला भेटतात. शिवाय एक गंभीर गोष्टही कळते. ही धूळ कशी साफ करावी, हा नुसता चकाकीचा प्रश्न नाही. ती साफ करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांचाही तो प्रश्न आहे.

गाडी थांबते, ऊर्जा कोठे जाते?

समजा, १२०० किलोग्रॅम वस्तुमानाची एक मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. हा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. गतिज ऊर्जा काढण्याचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणायचे आणि निम्मे करायचे. उत्तर येते सुमारे १,६७,००० ज्यूल. आता समोर शाळा सुटलेली मुले रस्ता ओलांडताना दिसली आणि चालकाने ब्रेक दाबला. गाडी थांबली, म्हणजे तिची गतिज ऊर्जा शून्य झाली. पण ऊर्जा कधी नाहीशी होत नाही. मग ती गेली कोठे?

तिचे रूपांतर उष्णतेत झाले. ही उष्णता किती, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. अर्धा लिटर पाणी २० अंश सेल्सिअसपासून उकळीला आणण्यासाठी जवळजवळ एवढीच उष्णता लागते. म्हणजे शहराच्या रहदारीत गाडी दर वेळी अशी थांबते, तेव्हा तीन-चार कप चहाचे आधण ठेवण्याइतकी उष्णता ब्रेकमध्ये निर्माण होते!

हे काम ब्रेक कसे करतात? पुढच्या चाकाच्या आत चाकाबरोबरच फिरणारी बिडाची एक चकती असते. तिला 'डिस्क' म्हणतात. चालकाने पायाने ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने दोन ठोकळे या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यासारखे आवळतात. या ठोकळ्यांना 'ब्रेक पॅड' म्हणतात. सायकलच्या रिमला रबरी गुटके घासतात, त्याचीच ही थोरली आवृत्ती. पॅड हा एका पदार्थाचा नसतो. उष्णतेत टिकणाऱ्या राळेत अनेक जिन्नस कालवून आणि दाबून तो बनवतात. त्यात धातूंचे बारीक तंतू आणि भुकटी, ग्रॅफाइट, बराइटसारखी खनिजे आणि थोडे कठीण, खरखरीत कणही असतात.

चकती फिरते, पॅड घासतात आणि दोन्ही झिजतात. कोणतेही पृष्ठभाग वरून कितीही गुळगुळीत दिसले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगर-दऱ्यांसारखे असतात. त्यामुळे पॅड आणि चकती यांचा खरा स्पर्श काही थोड्या उंचवट्यांवरच होतो. अख्खी चकती पाहाल, तर वर सांगितल्याप्रमाणे गाडी एकदा थांबताना तिचे तापमान जेमतेम २० अंशांनी वाढते. परंतु स्पर्शाच्या त्या बारीक उंचवट्यांवर क्षणभर त्याच्या कितीतरी पट तापमान होते. तेथे धातूचे कण सुटतात, राळ करपते आणि ग्रॅफाइट खरवडले जाते. सुटलेले लोखंडाचे कण तापलेलेच असल्याने हवेतील ऑक्सिजनशी त्यांचा संयोग होतो. लोखंड, लोखंडाची ऑक्साइडे आणि कार्बन यांचे हे मिश्रण म्हणजेच आपली काळी धूळ. तिचा बराचसा भाग लोखंडी असतो. याची खात्री तुम्हाला स्वतः करून घेता येईल. तो प्रयोग शेवटी दिला आहे.

पुढचीच चाके अधिक काळी का?

एस.टी.च्या गाडीत उभ्याने प्रवास करताना चालकाने अचानक ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो. हे जडत्वामुळे होते, हे तुम्ही शिकला आहात. गाडीच्या सांगाड्याचेही तसेच होते. ब्रेकचे बल चाकांपाशी म्हणजे खाली, रस्त्याच्या पातळीवर लागते. गाडीचा गुरुत्वमध्य मात्र जमिनीपासून अर्धा-पाऊण मीटर वर असतो. त्यामुळे गाडी नाकावर झुकते, पुढच्या चाकांवरील भार वाढतो आणि मागच्या चाकांवरील भार तेवढाच कमी होतो. आपल्या उदाहरणातील गाडीचे वजन सुमारे १२,००० न्यूटन आहे. गाडी उभी असताना पुढच्या-मागच्या चाकांवर ते ६००० आणि ६००० असे निम्मे-निम्मे आहे, असे समजू. जोराचा ब्रेक लागला की ही वाटणी साधारण ७२०० आणि ४८०० अशी होऊ शकते. ज्या चाकावर भार जास्त, त्याची रस्त्यावरची पकड जास्त. म्हणून गाडी बनवणारे पुढच्या ब्रेककडे जास्त काम सोपवतात. जास्त काम म्हणजे जास्त झीज, आणि जास्त झीज म्हणजे जास्त धूळ.

दुसरेही एक कारण आहे. अनेक छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांत डिस्क नसून 'ड्रम' असतो. हे एक बंद डबडेच असते. त्याच्या आत अर्धवर्तुळाकार 'शू' असतात आणि त्यांना चिकटवलेले घर्षणाचे अस्तर असते. गॅरेजमध्ये या अस्तराला 'लायनर' म्हणतात. तेथेही झीज होतेच, पण तिची धूळ डब्यातच साठून राहते आणि बाहेरून दिसत नाही. मागचे चाक स्वच्छ दिसते म्हणून तेथे धूळ नाही, असा निष्कर्ष काढू नका. ही डब्यातली धूळ पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

वाऱ्याने ती उडून का जात नाही?

ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीची रिम किती जोराने फिरत असते पाहा. रिमच्या कडेवर बसलेल्या कणाचे अभिकेंद्री त्वरण गणित करून काढले, तर ते गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ६० पट येते. एवढ्या गरगर फिरण्यानेही जी धूळ निसटत नाही, ती कशाने चिकटलेली असते?

याचे उत्तर कणाच्या आकारात आहे. कोणतेही दोन पृष्ठभाग अगदी जवळ आले की त्यांच्या रेणूंमध्ये एक दुबळे आकर्षण काम करू लागते. याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. लहान गोल कणासाठी हे बल कणाच्या व्यासाच्या प्रमाणात असते. कणाचे वजन मात्र व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. आता एक मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे १०० मायक्रोमीटर व्यासाचा वाळूचा बारीक कण घ्या, आणि त्याच्या शेजारी १ मायक्रोमीटर व्यासाचा धुळीचा कण ठेवा. व्यास शंभरपट लहान झाला म्हणून चिकटण्याचे बल शंभरपट कमी झाले. परंतु वजन कमी झाले दहा लाख पट! म्हणजे वजनाच्या मानाने पाहिले, तर छोटा कण मोठ्या कणाच्या दहा हजार पट घट्ट चिकटतो. फळ्यावर खडूची भुकटी चिकटून राहते आणि खडूचा तुकडा मात्र खाली पडतो, तो याच नियमाने.

त्यात दव किंवा पावसाची ओल आली की आणखी बळ मिळते. कण आणि रिम यांच्यामधल्या फटीत पाण्याचा थेंब शिरतो आणि पृष्ठीय ताणाने दोघांना जवळ ओढतो. किनाऱ्यावर ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो, तो याच बळावर. शिवाय ओल मिळाली की कणातले लोखंड गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि शेजारच्या कणांना सांधत जातो. काही तापलेले कण तर रिमवरच्या वार्निशमध्ये रुतूनच बसतात. म्हणून पहिल्या आठवड्यात नुसत्या पाण्याने निघणारी धूळ दोन-तीन महिन्यांनी नारिंगी ठिपक्यांची पुटे होऊन बसते.

मग धुताना पाणी कसे उपयोगी पडते? वाळूचा तोच किल्ला समुद्राच्या पाण्यात पूर्ण बुडाला की ढासळतो. कारण आता कणांभोवती सगळीकडे पाणीच आहे. पाण्याचा वेगळा पृष्ठभाग उरला नाही, त्यामुळे पृष्ठीय ताणाची ओढही संपली. रेणूंमधील आकर्षणही हवेपेक्षा पाण्यात बरेच कमी होते. थोडक्यात, थोडी ओल धुळीला चिकटवते आणि भरपूर पाणी तिला सोडवते. हे वाक्य लक्षात ठेवा.

अ‍ॅल्युमिनियमचे नाजूक चिलखत

आता रिमच्या बाजूने विचार करू. अशी रिम अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम मिसळून ओततात. अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश असते, आणि उष्णताही त्यातून झपाट्याने वाहते. अ‍ॅल्युमिनियम हा तसा अतिशय क्रियाशील धातू आहे. तरीही तो हवेत टिकतो, कारण हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा एक पातळ थर तयार होतो. हा थर केवळ काही नॅनोमीटर जाडीचा, पण पक्का असतो. कारखान्यात त्याच्यावर रंग आणि पारदर्शक वार्निशही चढवतात.

परंतु या ऑक्साइडचा एक गुण तुम्ही शिकला असाल. ते उभयधर्मी आहे, म्हणजे आम्लातही विरघळते आणि तीव्र आम्लारीतही विरघळते. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून पाणी उकळले की ते पातेले निस्तेज होते, हा घरचा अनुभव आहे. चिलखत विरघळले, की आतला उघडा धातू मिळतो आणि हायड्रोजनचे बुडबुडे येऊ लागतात.

आता विचार करा. पुटे निघत नाहीत म्हणून कोणी रिमवर फरशी साफ करण्याचे अ‍ॅसिड ओतले, तर काय होईल? गंज जाईल हे खरे, कारण लोखंडाची ऑक्साइडे त्या आम्लात विरघळतात. पण जेथे वार्निशला टवका गेला आहे किंवा चरा पडला आहे, तेथून ते आम्ल अ‍ॅल्युमिनियमपर्यंत पोहोचेल आणि वार्निशखाली पांढरट डाग पसरत जातील. कॉस्टिक सोड्यानेही हेच होईल. एक इशारा येथेच देऊन ठेवतो. चाके धुण्याच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा बायफ्लोराइडचे क्षार असतात. हे आम्ल त्वचेतून आत शिरते, प्रथम फारशी आगही होत नाही, आणि नंतर शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावून ते हृदयापर्यंत गंभीर इजा करू शकते. बाटलीवर 'फ्लोराइड' हा शब्द दिसला, तर ती तशीच खाली ठेवा.

जांभळे होणारे पाणी

लोखंड विरघळावे पण अ‍ॅल्युमिनियमला धक्का लागू नये, असे काही आहे काय? रसायनशास्त्रज्ञांनी यावर एक सुंदर युक्ती काढली आहे. मोटारींच्या सामानाच्या दुकानात चाके धुण्याचे असे एक द्रावण मिळते, की ते फवारताना बिनरंगी असते आणि दोन-चार मिनिटांत त्याचे जांभळे-तांबडे ओघळ वाहू लागतात. त्यात थायोग्लायकॉलिक आम्लाचा क्षार असतो. केस कुरळे करण्याच्या आणि केस काढण्याच्या औषधांतही हेच कुटुंब वापरतात, म्हणून वासही तसाच उग्र, सडक्या अंड्याची आठवण करून देणारा येतो. हा रेणू लोखंडाच्या आयनाला खेकड्याने नांगीत पकडावे तसा धरून ठेवतो. त्यातून पाण्यात विरघळणारे जटिल संयुग बनते, आणि जांभळा रंग त्या संयुगाचा असतो. येथे काम आम्लतेने होत नाही, निवडून पकडण्याने होते. म्हणून हे द्रावण उदासीनच्या जवळपास ठेवता येते आणि अ‍ॅल्युमिनियमचे चिलखत शाबूत राहते.

म्हणजे जांभळा रंग ही जाहिरातीची जादू नव्हे, ती लोखंडाची कसोटी आहे. ओघळ येईनासे झाले की लोखंड संपले असे समजावे. मात्र हातमोजे घालावेत, द्रावण रिमवर वाळू देऊ नये आणि ते भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. वेळच्या वेळी चाक धुतले, तर या द्रावणाची गरज क्वचितच पडते.

धुण्याची शास्त्रीय रीत

हे सगळे समजल्यावर रीत पाठ करावी लागत नाही. ती आपोआपच सुचते.

पहिली गोष्ट, चाक थंड होऊ द्यावे. नुकत्याच आलेल्या गाडीच्या तापलेल्या चकतीवर गार पाणी पडले, तर एका बाजूचा धातू एकाएकी आकुंचन पावतो आणि चकती वाकडी होण्याचा धोका असतो. शिवाय गरम रिमवर पाणी चटकन वाळते आणि त्यातले क्षार तेथेच राहतात. विंधन विहिरीच्या जड पाण्याचे पांढरे डाग असेच पडतात.

दुसरी गोष्ट, कोरडे फडके लावू नये. लोखंडाची ऑक्साइडे अ‍ॅल्युमिनियमपेक्षा पुष्कळ कठीण असतात, आणि वार्निश तर अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही मऊ. कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे फडक्याचा पॉलिश पेपर करून रिमवर फिरवणे होय. प्रथम मगाने सावकाश पाणी ओतून धूळ पूर्ण भिजवावी. मग सौम्य साबणाचे पाणी लावून पाच मिनिटे थांबावे. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलकट पदार्थाला धरते आणि दुसरे पाण्याला, त्यामुळे धुळीबरोबर असलेला ग्रीस आणि डांबराचा अंशही सुटतो. त्यानंतर मऊ कुंचल्याने आऱ्यांच्या बेचक्यांतून फिरवावे. चाकांचे फडके आणि बादली वेगळी ठेवावी, नाही तर हेच लोखंडी कण गाडीच्या रंगावर ओरखडे काढतील. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करावे. वर मेणाचा पातळ हात दिला, तर पुढच्या वेळी धूळ सहज निघते.

तिसरी गोष्ट, उरलेले पाणी. बादली तासभर स्थिर ठेवली की काळा गाळ तळाशी बसतो. वरचे पाणी ओतून द्यावे, आणि गाळ वाळून उडण्यापूर्वीच जुन्या कागदात गुंडाळून केरात टाकावा. विहिरीच्या, ओढ्याच्या किंवा नदीच्या काठी गाडी धुऊ नये. याचे कारण पुढे येते.

जी धूळ चाकावर बसत नाही

आतापर्यंत आपण चाकावर दिसणाऱ्या धुळीविषयी बोललो. पण झिजलेला सगळा माल चाकावर बसत नाही. काही रस्त्यावर पडतो, आणि बराच हवेत जातो. प्रयोगशाळांतील मोजमापांत हा हवेत जाणारा हिस्सा साधारण एक-तृतीयांशापासून निम्म्याहून अधिक इतका आढळला आहे. आपल्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रोमीटर असते. १० मायक्रोमीटरपेक्षा लहान कण नाकातून खाली उतरू शकतात, आणि अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान कण फुप्फुसांच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत जातात. ब्रेकच्या धुळीत या दोन्ही प्रकारचे कण असतात.

आता त्या माणसाचा विचार करा, जो पहाटे सोसायटीतल्या वीस-पंचवीस गाड्या एकामागून एक पुसतो आणि घाई असल्याने चाकांवरून कोरडे फडके फटकारतो. किंवा गॅरेजमधल्या त्या मुलाचा, जो मागचा ड्रम उघडतो आणि आत साठलेली धूळ काढण्यासाठी नळीने हवा मारतो. मघाशी म्हटलेली ती डब्यातली धूळ एका क्षणात ढग होऊन त्याच्या तोंडाभोवती पसरते. काम झटपट होते, पण त्या ढगातले बारीक कण कित्येक तास हवेत तरंगत राहतात. तोंडाला बांधलेला साधा रुमाल त्यांना अडवू शकत नाही.

ही भीती उगाच नव्हे. विसाव्या शतकातील बहुतांश काळ ब्रेकच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस हे खनिज वापरले जाई. ते जळत नाही, स्वस्त असते आणि त्याचे तंतू बळकट असतात. पण तेच तंतू श्वासावाटे आत गेले की शरीर त्यांना बाहेर टाकू शकत नाही. फुप्फुसे कडक होण्याचा विकार आणि कर्करोग त्यामुळे होतात, आणि तेही वीस ते चाळीस वर्षांनी. म्हणजे ज्या हाताने तरुणपणी हवा मारली, त्याला त्याचे फळ उतारवयात मिळते. अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर ऑस्ट्रेलियाने २००३ सालच्या अखेरीस आणि युरोपीय संघाने २००५ पासून बंदी घातली. ब्रेक दुरुस्तीत अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ कोरडी उडवू नये, ओली करून किंवा बंदिस्त यंत्राने शोषून काढावी, असे नियम अमेरिकेत १९९४ साली झाले. आज अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले पॅड सर्रास मिळतात. पण एखाद्या जुन्या गाडीच्या ड्रममध्ये किंवा खोक्यावर काहीच न लिहिलेल्या स्वस्त पॅडमध्ये काय आहे, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून नियम एकच ठेवावा : फुंकू नका, झटकू नका, आधी भिजवा.

पाण्याचीही एक गोष्ट आहे. पॅडमध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी तांबे घालतात. ते झिजून रस्त्यावर पडते आणि पावसाबरोबर ओढ्या-नद्यांत जाते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सामन माशांना पाण्यातील अत्यल्प तांबेही बाधते, त्यांची वास घेण्याची शक्तीच मंदावते. हा मासा वासावरूनच आपला जन्माचा ओढा शोधतो आणि वासावरूनच धोका ओळखतो. म्हणून कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांनी २०१० साली कायदे केले. पॅडमधील तांबे २०२१ पासून ५ टक्क्यांच्या आत आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्याच्या आत असावे, असे त्यांत ठरले. चिमूटभर धुळीचा शोध घेता घेता एका खंडातील मोटारींचे पॅड बदलले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

गाड्यांच्या धुराड्यातून निघणाऱ्या धुरावर निर्बंध कडक होत गेले. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे मानक लागू झाले. धूर कमी झाला की ब्रेक आणि टायर यांच्या धुळीचा वाटा साहजिकच उठून दिसतो. युरोपीय संघाने २०२४ साली मंजूर केलेल्या 'युरो ७' नियमांत प्रथमच ब्रेकच्या धुळीलाही मर्यादा घातली गेली. सर्वसाधारण मोटारीसाठी ती दर किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, आणि केवळ बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीसाठी ३ मिलिग्रॅम ठेवली आहे. आकडा लहान वाटतो ना? वर्षाला १०,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा हिशेब करा. सात मिलिग्रॅमने ७० ग्रॅम होतात. अशा एक हजार गाड्या असल्या, तर ७० किलोग्रॅम बारीक धूळ वर्षभरात हवेत जाईल.

धूळ निर्माणच कमी झाली तर?

सर्वांत चांगली धुलाई म्हणजे मुळात मळ कमी करणे. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. आपल्या १२०० किलोग्रॅमच्या गाडीची स्थितिज ऊर्जा त्यात ६६ लाख ज्यूलनी कमी होते. ही सगळी ब्रेकने शोषायची म्हटली, तर ताशी ६० वरून चाळीस वेळा गाडी थांबवल्यासारखे होईल! हवेचा आणि टायरचा विरोध काही वाटा उचलतो हे खरे, पण उरलेल्यासाठी जाणता चालक गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतो आणि इंजिनाच्या विरोधाने तिला आवरतो. ब्रेक तापत नाहीत, ऐनवेळी दगा देत नाहीत आणि धूळही कमी होते.

विजेच्या गाडीत तर आणखी सोय असते. वेग कमी करताना तिची मोटर जनित्र बनते आणि गतिज ऊर्जेचा मोठा भाग वीज होऊन बॅटरीत परत जातो. बॅटरीवरील मोटारीसाठी ३ मिलिग्रॅमची कडक मर्यादा ठेवता आली, ती यामुळेच. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २००७ पासून आलेल्या नव्या गाड्यांतही ही युक्ती आहे. स्थानकात शिरणारी लोकल आपली ऊर्जा तारेवाटे परत पाठवते आणि ती दुसऱ्या लोकलच्या उपयोगी पडते. जी ऊर्जा वाचली, ती घर्षणात गेली नाही, आणि तिने धूळही केली नाही.

करून पाहा

(१) घरातील मोठ्यांना विचारून, गाडी उभी आणि चाक थंड असताना, पुढच्या चाकाच्या रिमवर मगाने पाणी ओता आणि ओघळलेले काळे पाणी काचेच्या पेल्यात धरा. पेल्याच्या बाहेरून एक चांगला लोहचुंबक टेकवा आणि पाणी हळूहळू ढवळा. काळे कण चुंबकासमोर काचेवर गोळा होतील. दाराखालच्या मातकट धुळीचे पाणी घेऊन तोच प्रयोग करा आणि फरक पाहा.

(२) तोच पेला चार-सहा दिवस तसाच ठेवा. गाळाच्या रंगात काही बदल होतो का? का होतो?

(३) घरी मोटार नसेल, तर सायकल घ्या. रिमवर रबरी गुटक्यांचा ब्रेक असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवरून ओले पांढरे फडके फिरवा. जो काळा डाग येईल, त्यात कोणकोणते पदार्थ असतील? पहिला प्रयोग त्यावर करून आपला तर्क पडताळा.

(४) गणित : ताशी ६० ऐवजी ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकमध्ये किती उष्णता निर्माण होईल? निम्मी की आणखी कमी? शाळेसमोर वेगाला मर्यादा का घालतात, याचेही उत्तर तुम्हाला त्यात सापडेल.

शिक्षकांना एक विनंती. तिसरा प्रयोग वर्गात करण्याजोगा आहे, कारण शाळेच्या आवारात सायकली असतातच. आणि विद्यार्थी मित्रहो, उद्या सकाळी कोणी कोरड्या फडक्याने चाक झटकताना दिसले, तर त्याला आदराने एक मग पाणी पुढे करा आणि पेल्यातले ते लोखंड दाखवा. धूळ श्वासावाटे आत जाऊ न देणे किती सोपे आहे, हे त्याला त्यावरून पटेल.